दुसरी बाजू बाकी

बुधवारी सकाळी नऊ चाळीसला दिपमाला भारंबेने रोजच्यासारखी सर्व्हरच्या नोंदींची यादी उघडली आणि हातातला चहा न पिताच कप खाली ठेवला. एकच ओळ अठ्ठेचाळीस वेळा आली होती. पहाटे चारपासून. आधी अर्ध्या तासाने एकदा, मग पाच मिनिटांनी एकदा. ती बघत असतानाच पडद्यावर एकोणपन्नासावी ओळ उमटली.

सर्व्हरना डिस्कच्या कपाटाशी जोडणारं फायबर कार्ड मध्येच बंद पडत होतं, पुन्हा सुरू होत होतं.

धुळ्यात महामार्गापासून जवळच एका ट्रस्टचं तीनशे खाटांचं रुग्णालय आहे. तिथे दिपमाला भारंबे कुठे बसतात विचारलं तर निम्मे लोक खांदे उडवतील. ‘सर्व्हरवाल्या ताई’ म्हटलं की मात्र शिपाईसुद्धा हात करून दाखवतो. क्ष-किरण विभागाच्या मागे, जिन्याखालची खोली. बाहेर एप्रिलचं ऊन भाजून काढत असलं तरी त्या खोलीत ताई स्वेटर घालून बसलेल्या असतात. वय सेहेचाळीस. माहेर फैजपूरकडचं, वडील जीवराम केळीवाले शेतकरी. फैजपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झाली, लग्न होऊन धुळ्यात आली. नवरा ललित तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळतो. दिपमाला या रुग्णालयात केसपेपर टाइप करायला लागली होती. तेव्हाचे सर्व्हरचे प्रमुख हितेंद्र गिरासे यांनी दुसऱ्याच वर्षी तिला आपल्या खोलीत ओढलं. “टाइप करणारे पुष्कळ मिळतील,” ते म्हणाले होते, “ही वाचून टाइप करते.”

गिरासे सरांनी तिला सर्व्हर चालवणारी युनिक्स प्रणाली शिकवली ती बोलून. कमांड लिहायची, पण एन्टर दाबायच्या आधी ती काय करणार आहे ते तोंडाने मराठीत सांगायचं. सांगता आलं नाही तर हात मागे. सर निवृत्त होऊन दोंडाईच्याला गावी गेले, त्याला आता सात वर्षं झाली होती. तेव्हापासून खोली तिची.

त्या खोलीत दिसायला एकच मोठं यंत्र आहे. पण त्याच्या पोटात पाच सर्व्हर चालतात: ओपीडी, औषध विभाग, प्रयोगशाळा, क्ष-किरण आणि रक्तपेढी. प्रत्येकाला वाटतं की आपल्याला स्वतःची डिस्क आहे, स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी कुणाकडेच काही नाही. खऱ्या डिस्का आणि खरी कार्डं आणखी दोन सर्व्हरांच्या ताब्यात असतात, आणि तेच बाकीच्या पाचांना वाटून देतात. दिपमाला त्यांना व्ही-एक आणि व्ही-दोन म्हणते. दोन का, तर एक गेला तर दुसऱ्याने सांभाळावं. प्रत्येक डिस्क दोन्ही बाजूंनी जोडलेली असते. एका बाजूचा रस्ता बंद झाला तर माहिती दुसऱ्या बाजूने जाते, आणि वरच्या मजल्यावर औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला काही कळतही नाही.

मरायला टेकलेलं कार्ड व्ही-एकचं होतं. म्हणून दिपमाला पहिल्यांदा घाबरली नाही. तिने कंपनीला फोन लावला. नाशिकहून इंजिनियर नवं कार्ड घेऊन दोनपर्यंत पोचेल असं तिकडून सांगितलं. तोवर व्ही-दोन आहेच, असं म्हणून ती नियमाप्रमाणे एकेक सर्व्हर तपासायला बसली. ओपीडी: प्रत्येक डिस्कला दोन रस्ते. औषध विभाग: दोन. प्रयोगशाळा, क्ष-किरण: दोन, दोन.

रक्तपेढी. पहिली डिस्क, दोन रस्ते. दुसरी, दोन. तिसरी डिस्क, एक.

तिने पुन्हा तपासलं. एकच. आणि तो एक व्ही-एकमधून, त्याच कार्डावरून.

तिसऱ्या डिस्कवर रक्तपेढीचा सगळा साठा होता. कोणती पिशवी कोणत्या गटाची, तपासणी पूर्ण झालेली कोणती, कोणती कोणासाठी राखून ठेवली, सगळं. कार्ड अधूनमधून जात होतं तेव्हा ती डिस्क दोन-तीन सेकंद श्वास रोखून थांबत होती आणि कार्ड आलं की पुढे चालत होती. रक्तपेढीत एवढंच वाटलं असेल की आज कॉम्प्युटर जरा हळू आहे.

ही डिस्क कोणी जोडली? तिने कपाटातून कामाची जुनी वही काढली. पानं उलटताना तिला मनातून उत्तर माहीत होतं, पण डोळ्यांनी बघायचं होतं. एप्रिल २०२१. तिचंच अक्षर. ‘रक्तपेढीला नवी डिस्क दिली. व्ही-एककडून झालं. दुसरी बाजू बाकी.’

तो दिवस तिला लख्ख आठवला. करोनाची दुसरी लाट, रक्तपेढीची जागा भरलेली, आणि दुपारी भावाचा फोन: नानांना ऑक्सिजन लागतोय, जळगावला बेड मिळालाय, तू ये. ती वही मिटून निघाली होती. नाना, तिचे वडील, नवव्या दिवशी गेले. ती कामावर परतली ती महिन्याने, आणि वहीचं हे पान पुन्हा उघडलंच नाही. चार वर्षं रक्तपेढी एका पायावर उभी होती आणि ते ठाऊक असायला हवं होतं अशी एकच व्यक्ती साऱ्या रुग्णालयात होती.

रडायला वेळ नव्हता. दुसरी बाजू आत्ताच जोडता येईल का, ते तिने पाहिलं. येत नव्हती. घाईत जोडताना डिस्कवर ‘एकाच मालकाची’ अशी खूण राहून गेली होती. डिस्क वापरात असेतो व्ही-एकचं कुलूप तिच्यावर राहणार, व्ही-दोनला ती हात लावू देणार नाही. खूण बदलायची तर रक्तपेढीचं काम थांबवायचं, डिस्क सोडवायची, दोन्ही बाजूंनी नव्याने जोडायची. वीस मिनिटं. सगळं सुरळीत झालं तर.

आणि थांबवलं नाही तर कार्ड मनाला येईल तेव्हा जाणार. अर्धवट लिहिलेल्या नोंदीच्या मधोमध.

दहा वाजून दहा मिनिटांनी ती रक्तपेढीत पोचली. प्रमुख डॉ. कोकिळा देसले फोनवर होत्या. पंचावन्न वर्षांच्या, आवाज हळू, पण त्यांच्यापुढे कुणी फार वेळ बोलत नसे. त्यांच्या मागे तंत्रज्ञ रतिलाल बोरसे फ्रीजमधल्या पिशव्यांचे क्रमांक पडद्याशी ताडून बघत होते. रतिलालभाऊंना इथे एकतीस वर्षं झालेली, कॉम्प्युटर येण्याच्या आधीपासूनची.

फोन ठेवून डॉक्टर म्हणाल्या, “सोनगीरजवळ बस आणि ट्रकचा अपघात झालाय. अकरा जण इकडे आणताहेत, तीन गंभीर. बोल, काय काम होतं?”

“मॅडम, मला रक्तपेढीचा सर्व्हर वीस मिनिटं बंद करायचाय. आत्ता.”

“आत्ता? ऐकलंस ना मी काय सांगितलं?”

“ऐकलं. म्हणूनच आत्ता. तुमच्या साठ्याची डिस्क एकाच कार्डावर चालू आहे आणि ते कार्ड मरतंय. मी बंद केलं तर आधी साऱ्या साठ्याची यादी छापून देईन, तुम्ही वीस मिनिटं कागदावर काम कराल. ते आपोआप गेलं तर यादी नाही, आणि परत कधी येईल ते मी सांगू शकणार नाही.”

“दोन बाजू असतात म्हणून तूच सांगायचीस ना? एक गेली तरी दुसरी असते?”

“असतात. तुमच्या एका डिस्कला नाहीये. ती दुसरी बाजू जोडायची माझ्याकडून राहिली. चूक माझीच आहे, मॅडम.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

“ते नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “रुग्ण पोचायला किती वेळ, रतिलाल?”

“अर्धा तास तरी, मॅडम.”

“यादी छाप. गटवार, आणि तपासणी झालेल्या पिशव्या वेगळ्या. रतिलाल, तुम्ही यादी आणि फ्रीज ताडून बघा. तुमचं झालं की हिला सांगा, तोवर ही कशाला हात लावणार नाही.”

प्रिंटर सुरू झाला. चौथ्या पानावर तो थांबला. कार्ड गेलं असणार. दोन सेकंद, तीन, पाच. मग कागद पुन्हा सरकला. एकूण सात पानं.

रतिलालभाऊ फ्रीजसमोर उभे राहून पेन्सिलीने एकेका ओळीवर खूण करत होते. बी निगेटिव्हच्या यादीत दोन पिशव्या, फ्रीजमध्येही दोन. ते घाई करत नव्हते आणि दिपमाला त्यांना घाई करा म्हणू शकत नव्हती. दहा पन्नासला त्यांनी चष्मा वर केला. घरची बोली ते क्वचितच कामावर आणत, पण तिचा चेहरा बघून त्यांच्या तोंडून तीच आली.

“बठ्ठं बरोबर शे, ताई. तू तुनं काम कर, मी मनं करस.”

ती जिन्याखाली धावली.

रक्तपेढीचा प्रोग्राम तिने नीट बंद केला. डिस्कवरची शेवटची नोंद पूर्ण झाली, डिस्क मोकळी झाली. इथवर चार मिनिटं. आता व्ही-एककडून डिस्क काढून घ्यायची, म्हणजे तिचं कुलूप आपोआप सुटेल. कमांड लिहून तिने सवयीने तोंडाने म्हटलं, “व्ही-एक, ही डिस्क सोड.” एन्टर दाबलं.

काही झालं नाही. पडदा नुसता थांबून राहिला. मग एकदम ओळींचा पाऊस पडला. कार्ड गेलं होतं. या वेळी परत आलं नाही. दोन मिनिटं वाट पाहिली, तीन. यंत्राच्या मागच्या बाजूला जाऊन पाहिलं तर कार्डावरचा हिरवा दिवा विझून पिवळा लागला होता.

तिने खुर्चीत बसून विचार जुळवला. नोंदी सुरक्षित होत्या, कारण प्रोग्राम आधीच बंद झाला होता. पंधरा मिनिटांपूर्वी हे झालं असतं तर? तो विचार तिने बाजूला सारला. आता पेच वेगळाच होता. व्ही-एकने डिस्कला लावलेलं कुलूप तसंच होतं. कुलूप उघडायला व्ही-एक डिस्कपर्यंत पोचायला हवा, आणि पोचायचा रस्ताच मेला होता. ते असेतो व्ही-दोनला नकारच मिळणार: मालक दुसरा आहे.

कुलूप जबरदस्तीने तोडता येतं. पण ते तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. तिने मोबाइल स्पीकरवर टाकून दोंडाईच्याला फोन लावला.

गिरासे सरांनी तिसऱ्या रिंगला उचलला. तिने एका दमात सगळं सांगितलं, वहीतल्या ओळीसकट.

“पेन्सिल घेतो,” सर म्हणाले. मग थोड्या वेळाने, “हं. कुलूप तोडायचं ते शेवटी. आधी व्ही-एक पूर्ण बंद कर. ते कार्ड मध्येच जिवंत झालं आणि दोघं एकदम त्या डिस्कवर लिहायला लागले तर तुझी डिस्क मातीत जाईल.”

“सर, सगळ्या रुग्णालयाचं नेटवर्क आत्ता व्ही-एकवरून चाललंय.”

“व्ही-एक पडला की नेटवर्क व्ही-दोनवर पलटतं. त्यासाठीच ठेवलंय ना ते.”

“शेवटचं कधी पलटवून पाहिलं होतं, सर?”

“मी निघायच्या आधी,” ते म्हणाले. “आणि तू?”

“मी नाही पाहिलं.”

सात वर्षं. पलीकडे अपघात विभागात रुग्णवाहिका पोचल्या होत्या, सायरन खोलीपर्यंत ऐकू येत होता. व्ही-एक बंद केला आणि नेटवर्क पलटलं नाही, तर रक्तपेढीच नव्हे, ओपीडी, प्रयोगशाळा, क्ष-किरण, सगळेच पडदे एकदम मरतील. आणि बंद केलेला सर्व्हर परत उभा करायला वीस मिनिटं लागतात.

“मी त्याला बंद नाही करत,” दिपमाला म्हणाली. ती स्वतःशीच बोलत होती. “आधी नेटवर्क हाताने पलटवते. व्ही-एकला सांगते की तू मागे हो, व्ही-दोनला पुढे येऊ दे. नाही आला पुढे, तर व्ही-एक चालूच आहे, एका कमांडमध्ये परत आणीन. पलटलं आणि टिकलं, तरच त्याला बंद करायचं.”

“आणि तू परत कशी येशील? नेटवर्कच गेलं तर तुझा पडदाही जाईल.”

“यंत्राच्या बाजूच्या टर्मिनलवरून. त्याला नेटवर्क लागत नाही.”

“मग मला कशाला फोन केलास?” सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. “कर.”

तिने टेबलावरच्या फोनवरून अपघात विभागाला आणि प्रयोगशाळेला सांगितलं, पडदे काही सेकंद थांबतील, बटणं दाबत बसू नका. मग टर्मिनलसमोर उभी राहिली. दुसऱ्या पडद्यावर तिने ओपीडीच्या सर्व्हरला दर सेकंदाला एक हाक मारायची सोय करून ठेवली होती. उत्तर आलं की एक ओळ खाली सरकायची.

“व्ही-एक, मागे हो.” एन्टर.

ओळी थांबल्या. एक. दोन. तीन. तिचं बोट परतीच्या कमांडवर होतं. चार. पाच. तिने मनाशी दहाचा आकडा ठरवला होता. सहा. सात. खोलीतल्या पंख्यांची घरघर तिला पहिल्यांदाच इतकी मोठी वाटली. आठ.

ओळ सरकली. मग दुसरी, तिसरी, सलग. नेटवर्क व्ही-दोनवर आलं होतं.

तिने पूर्ण दोन मिनिटं ओळी बघत काढली. एकही गळली नाही. तेव्हा तिने व्ही-एक बंद केला.

टेबलावरचा फोन वाजला. डॉ. देसले. “वीस मिनिटं संपली.”

“कार्ड गेलं, मॅडम. नोंदी सुरक्षित आहेत. मला आणखी पंधरा लागतील.”

“एक बाई आहे, बी निगेटिव्ह, पोटात रक्तस्राव होतोय. एक पिशवी दिली, दुसरी जुळवतोय. रतिलाल प्रत्येक पिशवी कागदावर लिहिताहेत. पण आता दुसरीकडून पिशव्या मागवाव्या लागतील आणि कुणाकडून कधी काय आलं ते सगळं तुझ्या डिस्कवर आहे. पंधरा म्हणजे पंधरा.” फोन ठेवला गेला.

आता कुलूप. व्ही-दोनच्या यादीत सारख्याच आकाराच्या दोन डिस्का होत्या. एकीचा क्रमांक अकरा, दुसरीचा बारा. व्ही-एकवर रक्तपेढीच्या डिस्कचा क्रमांक अकरा होता, हे तिला पाठ होतं. तिने व्ही-दोनवर अकरा क्रमांकासमोर कमांड लिहिली आणि सवयीने म्हणायला लागली, “व्ही-दोन, अकरा नंबरच्या डिस्कचं कुलूप...”

“थांब,” फोनवरून गिरासे सर म्हणाले. मोबाइल अजून चालूच आहे हे ती विसरली होती. “अकरा कशावरून?”

“व्ही-एकवर अकराच आहे, सर.”

“व्ही-एकवरचा अकरा व्ही-दोनवर अकराच असतो?”

नसतो. प्रत्येक बाजू डिस्का आपापल्या परीने मोजते. खरी ओळख म्हणजे डिस्कवरचा बत्तीस आकडे-अक्षरांचा लांबलचक क्रमांक, तो मात्र दोन्हीकडे सारखाच.

“वहीत तो क्रमांक लिहिलेला असेल,” सर म्हणाले. “आधी वहीतला वाच, मी लिहून घेतो. मग व्ही-दोनवरचा वाच. हळू.”

तिने वाचला. एकेक आकडा, चार-चारच्या गटाने. पलीकडे पेन्सिलीचा आवाज येत होता. मग व्ही-दोनवरचा अकरा नंबरचा वाचला. सुरुवातीचे अठ्ठावीस जुळले.

“शेवटचे चार परत सांग.”

“शून्य, चार, सात, सी.”

“सी? मघाशी वहीतून काय म्हणालीस? मला डी ऐकू आलं.”

तिने वहीवर बोट ठेवलं. स्वतःचंच अक्षर, घाईतलं. “डी, सर. दोंडाईच्याचा डी.”

“आणि पडद्यावर?”

“सी.”

अकरा नंबरची डिस्क औषध विभागाची होती, चालू असलेली. तिचं कुलूप तोडून ती रक्तपेढीच्या हाती दिली असती, तर दोन्ही विभाग एकाच डिस्कवर लिहीत बसले असते.

“बारा वाच,” सर म्हणाले.

बारा नंबरच्या शेवटी डी होता. तिने पहिल्यापासून पुन्हा वाचला, सरांनी पलीकडून पुन्हा वाचून दाखवला. बत्तीसच्या बत्तीस.

“व्ही-दोन,” ती म्हणाली, “बारा नंबरच्या डिस्कचं कुलूप तोड. मालक व्ही-एक बंद आहे. डिस्क रक्तपेढीची आहे.”

“दाब.”

कुलूप सुटलं. त्यानंतरच्या गोष्टी तिला येत होत्या. ‘एकाच मालकाची’ ही खूण काढली, व्ही-दोनकडून डिस्क रक्तपेढीला दिली, रक्तपेढीच्या सर्व्हरला सांगितलं की नव्या रस्त्याने बघ काय दिसतंय. डिस्क दिसली. उघडली. प्रोग्राम सुरू झाला, आपल्या शेवटच्या नोंदी तपासत बसला. टक्के चढत गेले. शंभर झाले तेव्हा अकरा वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

तिने रक्तपेढीत फोन केला. रतिलालभाऊंनी उचलला. “उना, ताई,” ते म्हणाले. साठा पडद्यावर परत आला होता. कागदावरच्या सहा पिशव्यांच्या नोंदी ते आता एकेक करून भरत होते.

गिरासे सरांचा फोन अजून चालूच होता. “सर,” तिने म्हटलं.

“पाणी पी,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नाशिकचा इंजिनियर अडीचला आला, कार्ड बदललं, व्ही-एक उभा राहिला. चारच्या सुमाराला दिपमालाने तिसऱ्या डिस्कला दुसरा रस्ता दिला आणि पडद्यावर दोन ओळी दिसेपर्यंत डोळे हलवले नाहीत. त्यानंतर ती स्वच्छतागृहात जाऊन दार लावून दहा मिनिटं बसली.

अपघातातल्या तीन गंभीर रुग्णांपैकी दोघं घरी गेले, ती बी निगेटिव्ह बाईसुद्धा. तिला पुढच्या चार पिशव्या जळगावहून आणून दिल्या. तिसरा, शिरपूरकडचा एक माणूस, दुसऱ्या दिवशी दगावला. डोक्याचा मार होता, रक्ताचा त्यात काही संबंध नव्हता, असं डॉ. देसल्यांनी तिला स्वतःहून सांगितलं. तरी उरलेले दोघं घरी जाईपर्यंत ती त्यांच्या वॉर्डांत रोज जाऊन येत होती, आणि नर्सना ती का येते ते कळत नव्हतं.

आठवड्याने प्रशासक धनसिंग राजपूत यांनी तिला बोलावलं. अहवालाचा मसुदा त्यांनी आधीच तयार ठेवला होता. यंत्र जुनं, कार्ड निकामी, रक्तपेढीची सेवा पन्नास मिनिटं खंडित, कंपनीकडे खुलासा मागितला आहे. तिने फक्त सही करायची होती.

“यात डिस्कचं नाहीये,” ती म्हणाली.

“डिस्कचं कशाला? कार्ड गेलं हे खरंच आहे ना?”

“कार्ड गेलं हे खरं. पण कार्ड गेलं म्हणून रक्तपेढी थांबायला नको होती. बाकी चार विभाग थांबले नाहीत. रक्तपेढीची दुसरी बाजू मी जोडली नव्हती. आणि नेटवर्क पलटतं की नाही हे मी सात वर्षं तपासलं नव्हतं.”

“ताई, तुमचे वडील गेले होते त्या वेळी. माहीत आहे मला. कोण विचारणार आहे?”

“वडील गेले तो एक महिना. पुढची चार वर्षं मी इथेच होते.”

धनसिंगभाऊंनी मसुदा मागे घेतला. नवा अहवाल गेला, आणि तिच्या फाइलला ताकीदपत्र लागलं. ललितने ते घरी वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, “आईंना सांगू नकोस.” पण त्या रविवारी फैजपूरला गेल्यावर तिने आई सुनंदाबाईंना सांगितलंच. नानांच्या आजारपणाची वेळ होती म्हणून राहून गेलं, एवढंच वगळलं. आईला ते ऐकवणं तिच्याने झालं नाही.

डॉ. देसले दोनेक महिने तिच्याशी कामापुरतंच बोलत. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा थांबल्या. “तू त्या दिवशी चूक आधी सांगितलीस,” त्या म्हणाल्या, “म्हणून मी बंद करू दिलं. कारणं सांगत बसली असतीस तर हाकलून दिलं असतं.” आणि पुढे निघून गेल्या.

दिपमालाने प्रशासनाला लिहून एक परवानगी मागितली: तीन महिन्यांतून एकदा, दिवसाढवळ्या, सगळ्यांना आधी कळवून, एक बाजू मुद्दाम बंद करून बघायची. बऱ्याच डॉक्टरांचा विरोध होता. चालू गाडीचं चाक कशाला काढायचं, असं बैठकीत कुणीतरी विचारलं. परवानगीच्या कागदावर पहिली सही डॉ. देसल्यांची होती, मग बाकीच्यांच्या झाल्या.

पहिली चाचणी ऑगस्टमधल्या एका मंगळवारी अकरा वाजता ठेवली. व्ही-दोन बंद केला. ओपीडी चालू राहिली, औषध विभाग चालू राहिला, प्रयोगशाळा आणि रक्तपेढीही. क्ष-किरणचा सर्व्हर मात्र तिथल्या तिथे बसला. त्याला डिस्कचे दोन रस्ते होते, यादीत दिसतही होते, पण त्यातला एक नुसता कागदोपत्री होता. भिंतीतली वायर कुरतडलेली निघाली. क्ष-किरण विभाग बारा मिनिटं बंद राहिला. बाकावर बसलेले लोक वैतागले, तंत्रज्ञाने वर तक्रार केली, धनसिंगभाऊंचा फोन आला.

दिपमालाने त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, वायर बदलायला माणूस लावला, स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि डबा घेऊन रतिलालभाऊंकडे जेवायला गेली.